नक्षीविना देखणा

इमारत सुंदर कशामुळं दिसते, असं विचारलं तर आपलं बोट चटकन नक्षीकडं जातं. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर, कर्नाटकातल्या विजापुरात, म्हणजे आजच्या विजयपुऱ्यात, अशी नक्षी पोटभर पाहायला मिळते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या इब्राहिम रौझ्यात कारागिरांनी दगडावर अक्षरं आणि वेलबुट्टी कोरताना हात आखडता घेतलेला नाही. त्याच गावात त्याच्या मुलाची, १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. ती म्हणजे गोलघुमट. इथं नक्षी जवळजवळ नाहीच. तरीही आत पाऊल टाकताच माणूस थबकतो. असं का व्हावं?

बांधणाऱ्यांपुढची अडचण समजून घेतली की उत्तर सापडतं. खाली चौरस दालन, एकेक बाजू सुमारे ४१ मीटर. वर घुमट, आतला व्यास सुमारे ३८ मीटर. मध्ये एकही खांब नाही. मग चौकोनावर गोल बसवायचा कसा? शिवाय घुमटाचा भार नुसता खाली येत नाही, तो बाहेरही रेटतो. हा रेटा आवरला नाही तर भिंती फाकतात.

कारागिरांनी आठ उंच कमानी उभारल्या, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या. एका चौरसावर दुसरा चौरस तिरका ठेवला की आठ टोकांची चांदणी तयार होते. तशी ही रचना. कमानींमधलं बांधकाम वर जाताना आत झुकत जातं आणि चौकोनाचा गोल होतो. घुमट बाहेर रेटतो, तर आत झुकलेल्या बांधकामाचं वजन त्या रेट्याला उलट ओढ देतं. दोघं मिळून तोल राखतात.

गझलेच्या छंदालाही आम्ही 'वजन'च म्हणतो. तिथं एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी ओळ ढासळते. गोलघुमटाच्या कमानींचंही तसंच आहे. त्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत; त्या काढल्या तर घुमटच राहणार नाही. भार पेलण्याची युक्ती हीच इथली नक्षी.

कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांच्या जिन्यानं वर गेलं की घुमटाच्या आतून फिरणारा सज्जा लागतो. तिथली कुजबूज गोल भिंतीच्या कडेकडेनं सरकत पार समोरच्या बाजूला ऐकू येते. भार वाहणारा गोलावाच आवाजही वाहून नेतो. पण बहुतेक जण तिथं ओरडतात, टाळ्या पिटतात, प्रतिध्वनी मोजतात आणि खाली उतरतात. कमानींकडं मान वर करून पाहायचं राहूनच जातं.

हे पाहण्याची सवय सुटली, की मग आपण सिमेंटच्या घरांना काहीच न पेलणारे खांब चिकटवतो आणि त्यालाच शोभा म्हणतो. मुलांना घेऊन विजापूरला जाल, तेव्हा ओरडण्याआधी दालनाच्या एका कोपऱ्यात उभे राहा. वर बोट दाखवून त्यांना विचारा, एवढा मोठा घुमट पडत का नाही? उत्तर शोधता शोधता त्यांना त्याचा देखणेपणाही दिसेल.