फेरी बंद, कंटेनर चालू!

मढला राहणाऱ्याला पावसाळ्यात एक प्रश्न चुकूनही विचारू नका : 'ऑफिसला कसा जातोस रे?' समोर वर्सोवा दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. पण फेरीबोट बंद म्हणजे मार्वे, मालाड असा भलाथोरला वळसा! म्हणून गेल्या जुलैत मी घरून काम मागून घेतलं. बॉस म्हणाला, 'चालेल. पण सोमवारी सकाळी क्लायंटला डेमो दिसला पाहिजे.' प्रोबेशन संपायला उरले होते पंधरा दिवस. म्हणजे बघा!

घरचा डेस्कटॉप तसा म्हातारा. त्यावर डॉकर टाकायचं ठरवलं. या प्राण्याशी ओळख नसलेल्यांसाठी : १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ कंटेनर एका जहाजावर चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला धाडले. आत काय आहे याची क्रेनला फिकीर नाही, खोका उचलायचा नि ठेवायचा. २०१३ साली आलेल्या डॉकरने तीच युक्ती सॉफ्टवेअरला लावली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका खोक्यात. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक खोक्यात कोंबायची नाही. कर्नल सगळ्यांत मिळून एकच. विंडोजवर त्यासाठी आधी डब्ल्यूएसएल-२ लागतं आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं. शनिवार त्यातच गेला.

रविवारी दोन कंटेनर उभे केले. एकात वेबसाइट, दुसऱ्यात पोस्टग्रेसचा डेटाबेस. दोन्ही छान चालू. पण वेबसाइट म्हणे, कनेक्शन रिफ्यूज्ड! एकाच मशीनवर, शेजारी शेजारी, आणि ओळख नाही. अगदी मढ-वर्सोवा!

चूक माझीच. मी पत्ता लिहिला होता 'लोकलहोस्ट'. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वत:च. बिचारी वेबसाइट स्वत:च्याच घरात डेटाबेस शोधत होती. मग पत्त्यात डेटाबेसच्या कंटेनरचं नाव घातलं. तरी नाही! डॉकरच्या डिफॉल्ट ब्रिज नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने ओळखतच नाहीत. आपलं स्वत:चं नेटवर्क बनवलं, की नावाने हाक मारता येते. मी बनवलं, नाव दिलं 'खाडी'.

आता उत्साहात डेटाबेसचा कंटेनर उडवून 'खाडी'वर नवा बनवला. (गरज नव्हती हो! चालू कंटेनरही नेटवर्कला जोडता येतो.) नवा एकदम कोरा, मी भरलेली एक नोंद त्यात नाही! डेटाला नाव देऊन वेगळं व्हॉल्यूम द्यायचं असतं, हे मला रात्री साडेअकराला कळलं. पुन्हा सगळं टाइप केलं, चहा पीत, शिव्या देत.

राहिला ब्राउझर. तो खाडीच्या बाहेर, त्याला जेटी हवी. मशीनचं ८०८० पोर्ट वेबसाइटच्या ८० ला जोडलं. डेटाबेसचं कुठलंच पोर्ट उघडलं नाही, त्याच्याकडे बाहेरच्यांचं कामच काय?

पहाटे चारला पान उघडलं, आणि मी ओरडलो, 'खाडी चालू झाली!'

आतून आईचा झोपेतला आवाज, 'मग आता ऑफिसला जाणार का रे?'