म्हातारपणाची तरतूद आणि जमिनीचा कागद

नोकरदार मनुष्यास ठरावीक वयास निवृत्तीचा हुकूम मिळतो व त्यासोबत थोडीफार रक्कमही हाती येते. शेतकऱ्यास असा हुकूम कोणी देत नाही. गुडघे साथ देतात तोवर तो औत धरतो, पुढे राखणीस बसतो, आणि एके दिवशी जमीन मुलांच्या नावे करून देऊन मोकळा होतो. हाच त्याचा खरा निवृत्तीचा दिवस होय. त्या दिवशी कोणत्या कागदावर सही अगर अंगठा उमटला, त्या कागदात काय लिहिले होते आणि काय लिहावयाचे राहिले, यावर त्याच्या व त्याच्या पत्नीच्या पुढील दहा-पंधरा वर्षांची भाकरी अवलंबून असते. म्हणून वृद्धांसाठी झालेले कायदे, सुचविलेल्या दुरुस्त्या आणि निवृत्तिवेतनाच्या योजना यांची माहिती शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

आईबापांचा सांभाळ हा आपल्याकडे धर्म मानला जातो. परंतु तो कायद्यानेही बंधनकारक आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ साली झाला. त्यात वृद्ध व अशक्त आईबापांचा निर्वाह करण्याची जबाबदारी मुलांइतकीच मुलींवरही टाकली आहे. फौजदारी कायद्यातही अशी तरतूद पूर्वीपासून आहे. जुन्या संहितेतील १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वे कलम म्हणून आले आहे. तथापि या दोन्ही वाटा न्यायालयाच्या पायरीवरून जातात. तारखा, वकील व प्रवासखर्च यांचा भार सत्तरीतल्या माणसास पेलत नाही. ही अडचण ध्यानी घेऊनच संसदेने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण यांविषयीचा अधिनियम संमत केला.

या अधिनियमाने तंटा दिवाणी न्यायालयातून काढून महसुली अधिकाऱ्यापुढे आणला. उपविभागीय अधिकारी, म्हणजे ज्यांस आपण प्रांतसाहेब म्हणतो, त्यांच्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी या न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. ज्यास स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून आपला निर्वाह करता येत नाही, अशा आईस अगर बापास तेथे अर्ज करता येतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातू व नात यांच्याविरुद्ध अर्ज चालतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठ नागरिकास, ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्यास ती वारसाने मिळावयाची आहे, अशा नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो. चुलत्याची जमीन कसणारा पुतण्या या तरतुदीत येतो, ही गोष्ट गावात मुद्दाम सांगावी.

मुलगा पुण्यास वा मुंबईस राहतो म्हणून अर्ज तिकडेच करावा लागेल, अशी समजूत आढळते. ती खरी नाही. वृद्ध मनुष्य ज्या जिल्ह्यात राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो. चालवत नसेल, लिहिता येत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज देऊ शकते. न्यायाधिकरणास आपण होऊनही दखल घेता येते. वकील न लावता हे काम चालते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा, आणि तोवर हंगामी निर्वाहखर्चाचा हुकूम देता यावा, अशी योजना आहे. अपवाद म्हणून ही मुदत एकदा ३० दिवसांनी वाढविता येते. प्रथम समेट घडवून आणण्याचा प्रयत्न होतो, आणि तो व्हावाही. बापलेकांस पुढेही एकाच बांधावर वावरावयाचे असते. प्रांत कचेरीत भांडून जिंकलेल्या बापास घरी परतून सुनेच्या हातचेच जेवावे लागते, हे कार्यकर्त्याने विसरू नये.

निर्वाहाची रक्कम राज्याने ठरवावयाची असली तरी तिला दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा मूळ अधिनियमाने घातली आहे. हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वृद्धास सांभाळण्याची जबाबदारी असता त्यास कोठेतरी सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. निर्णय मान्य नसल्यास वृद्धास ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

कलम २३ : एका वाक्याचे मोल

शेतकऱ्याच्या दृष्टीने या अधिनियमातील सर्वांत महत्त्वाचे कलम २३ वे होय. अधिनियम लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने बक्षीस म्हणून किंवा अन्य रीतीने आपली मिळकत दुसऱ्यास दिली, ती देताना घेणाऱ्याने आपल्या मूलभूत व शारीरिक गरजा भागवाव्यात अशी अट घातली, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने अथवा गैरवाजवी दडपणाखाली झाले असे मानले जाते. आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते.

यातील ‘अट’ हा शब्द नीट वाचावा. आपल्याकडील बक्षीसपत्रांत बहुधा असे लिहिलेले असते की, घेणार हा माझा मुलगा असून तो माझी उत्तम प्रकारे सेवा करतो, त्याच्यावरील प्रेमापोटी मी ही जमीन त्यास देत आहे. वाचावयास हे गोड वाटते. पण यात मागील सेवेचा उल्लेख आहे, पुढील सांभाळाची अट नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले की, आईबाप मुलांस मिळकत देतात ती पुष्कळदा कोणत्याही परतफेडीच्या अपेक्षेशिवाय देतात. म्हणून हस्तांतरण सांभाळाच्या अटीवर झाले होते, हे दाखवावे व सिद्ध करावे लागेल. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, हा अधिनियम वृद्धांच्या हितासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून मुलाच्या नावचे बक्षीसपत्र रद्द केले व मिळकतीचा ताबा आईस परत देण्याचा हुकूम दिला. परंतु त्या आईजवळ मुलाने त्याच दिवशी लिहून दिलेले वचनपत्र होते. ज्याच्याजवळ असा कागदच नाही, त्याचे काम आजही अवघड आहे.

तेव्हा दस्त करतेवेळी त्यात पुढील आशयाचे वाक्य घालून घ्यावे : ‘घेणार याने देणार व त्यांची पत्नी यांस हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, राहण्याची जागा, औषधोपचार व इतर शारीरिक गरजा पुरवावयाच्या आहेत, या अटीवर ही मिळकत दिली असून अट न पाळल्यास हा दस्त रद्द करून घेण्याचा हक्क देणार यांनी राखून ठेवला आहे.’ दस्त लिहिणाऱ्यास यासाठी दोन ओळी अधिक लिहाव्या लागतात, इतकेच. ज्या मुलास खरोखर सांभाळावयाचे आहे त्याची या ओळींस हरकत असण्याचे कारण नाही. आणि ज्याची हरकत असेल, त्याच्या बाबतीत दस्तच लांबणीवर टाकणे शहाणपणाचे ठरेल.

हक्कसोडपत्राबाबत तर अधिक सावध राहावयास हवे. पतीच्या निधनानंतर विधवा पत्नी ही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलामुलींच्या बरोबरीची वारस असते. तरीही तेरावा होतो न होतो तोच ‘आईला आता जमीन कशाला?’ असे म्हणून तिची सही घेतली जाते. सात-बारावरून नाव गेले की पीककर्जास तिला विचारले जात नाही, आणि जमीनधारक म्हणून मिळणारी रक्कमही तिच्या वाट्यास येत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, आईने आपला हिस्सा, मग तो अर्धा एकर का असेना, हयातीत सोडू नये. मुलांस द्यावयाचाच असेल तर मृत्युपत्राने द्यावा. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष साध्या कागदावरही करता येते, त्याची नोंदणी सक्तीची नाही, आणि मुख्य म्हणजे ते हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदवलेले बक्षीसपत्र तसे एकतर्फी मोडता येत नाही. जमीन हातची गेल्यावर कायद्याने परत मागण्यापेक्षा ती हाती ठेवणे केव्हाही सोपे.

रखडलेली दुरुस्ती

मूळ अधिनियमातील उणिवा दूर करण्यासाठी केंद्र सरकारने ११ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले. त्यात १०,००० रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकण्याचे सुचविले होते. मुलांच्या व्याख्येत सून, जावई व सावत्र मुले यांचा, तर आईबापांच्या व्याख्येत सासूसासऱ्यांचा समावेश होणार होता. ऐंशी वर्षांवरील अर्जदाराचे काम ६० दिवसांत निकालात काढावे, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमावा, वृद्धास टाकून देणाऱ्याची शिक्षा वाढवावी, अशाही सूचना होत्या. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने जानेवारी २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. परंतु २०२४ साली सतराव्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत ते संमत झाले नाही.

यांपैकी सुनेविषयीची सूचना ग्रामीण भागास विशेष लागू पडणारी होती. मुलगा अकाली वारला, जमीन सून व लहान नातवंडे यांच्या नावे लागली, अशी घरे गावोगाव आहेत. तेथे सासूसासऱ्यांस २००७ च्या अधिनियमाचा पुरेसा आधार मिळत नाही. अर्थात विधवा सुनेचीच परवड होत असेल तर तिच्यावर भार टाकणे कितपत न्याय्य, हा प्रश्नही उरतोच. विधेयक पुन्हा आल्यास त्याचा विचार व्हावयास हवा. आसाम राज्याने २०१७ साली निराळी वाट काढली. तेथील कायद्याप्रमाणे आईबापांची हेळसांड करणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून दहा टक्के रक्कम कापून आईबापांस दिली जाते. नोकरदार मुलास हे औषध लागू पडेल. शेतीवर राहणाऱ्या मुलाचा पगार कोठून कापावयाचा?

निवृत्तिवेतनाच्या योजना

शासकीय साहाय्याची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेने झाली. ही योजना आता इंदिरा गांधी यांच्या नावाने चालते. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये व त्यापुढील वयासाठी ५०० रुपये असा ठरला. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असून तिची रक्कम २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. ६५ वर्षांखालील निराधारांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली अर्ज करावयाचा असतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्यास १,७५० रुपये, अशी ठेवण्यात आली. घरात एक मनुष्य महिन्यातून थोडे दिवस मजुरीस गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ज्यांस गरज आहे असे अनेक वृद्ध यामुळे बाहेर राहतात, हे सांगितलेच पाहिजे.

तरुण शेतकऱ्यांनी पंतप्रधान किसान मानधन योजनेची माहिती घ्यावी. ती २०१९ साली सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यासाठी ती आहे. आयकर भरणाऱ्यांस ती खुली नाही. प्रवेशाच्या वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे आणि तितकीच रक्कम केंद्र सरकारने घालावयाची. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात, व शेतकरी वारल्यास पतीस वा पत्नीस १,५०० रुपये मिळतात. चाळिसाव्या वर्षी दाखल झालेला शेतकरी २० वर्षांत स्वतःचे ४८,००० रुपये भरतो, आणि पुढे वर्षास ३६,००० रुपये घेतो. हिशेब चांगला आहे. मात्र आज चाळिशी ओलांडलेल्यास या योजनेत जागा नाही, आणि पहिल्या वर्षी चाळिसाव्या वयात आलेल्यांसही निवृत्तिवेतन २०३९ सालीच सुरू होणार. तोवर ३,००० रुपयांत किती धान्य येईल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून करावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम आपल्या गावातील ६५ वर्षांवरील व्यक्तींची यादी करावी आणि त्यांपैकी कोणास श्रावणबाळ योजनेचे वेतन मिळत नाही हे पाहावे. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, राज्यात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला व आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एखादी गोष्ट नसल्यानेच बहुतेक अर्ज अडतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे (आता त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वृद्धास चार खेपा घालावयास न लावता गावातील सर्वांचे काम एकाच दिवशी करून घेता येते. अर्ज तहसील कचेरीत द्यावयाचा असतो. वेतन सुरू झाल्यावरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो न दिल्यास वेतन थांबते. तेव्हा ही तारीख यादीतील नावापुढेच लिहून ठेवावी. निर्वाहाविषयी तक्रार असलेल्या वृद्धांस १४५६७ या ज्येष्ठांच्या मदत क्रमांकावर विनामूल्य विचारणा करता येते.