पिजदुऱ्याच्या लेंड्या

डायनोसॉर म्हटलं की डोळ्यांसमोर जबडा येतो. इथे मात्र गोष्ट शेणाची आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत मातीसोबत दगडी गोळे वर येतात. दिसायला धोंडेच, पण त्या दगड झालेल्या लेंड्या आहेत, टाकणाऱ्याला जाऊन साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळ लोटलाय. एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने हा परिसर अभ्यासकांच्या नजरेस आणला. धर्मप्रसारासाठी आलेला हा माणूस दगडांतच जास्त रमला असावा. 1863 साली टाकळघाटजवळच्या ओढ्यात तो बुडाला. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. पुढे चार्ल्स मॅटली याने 1939 मध्ये या लेंड्यांवर खास निबंध लिहिला, आकारांप्रमाणे त्यांची प्रतवारीसुद्धा लावली!

डायनोसॉर पृथ्वीवर आले सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी आणि, पक्षी झालेली शाखा वगळता, गेले 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. मधली सोळा कोटी वर्षं त्यांची. आपल्या जातीचा माणूस जेमतेम तीन लाख वर्षांचा, म्हणून या आकड्यांचा अंदाजच येत नाही. भारतातली पहिली हाडं 1828 मध्ये कॅप्टन स्लीमन याला जबलपूरजवळ सापडली. हा तोच, ठगांचा बंदोबस्त करणारा. गंमत म्हणजे तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दच नव्हता. तो रिचर्ड ओवेनने 1842 मध्ये घडवला.

मग पुण्या-साताऱ्याकडे हाडं का सापडत नाहीत? कारण तिथे वर झाकण आहे. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळू लागला. थरावर थर साचले, त्यांतूनच सह्याद्रीचे कडे उभे राहिले, आणि वेरूळची लेणी त्याच काळ्या कातळात कोरली गेली. आजही हा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याखालची जमीन फक्त कडेला उघडी पडते: जबलपूर, गुजरातेतलं राहियोली, आपला वरोरा. नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून लाव्हाखालच्या या थरांना लमेटा म्हणतात. पिजदुऱ्याच्या परिसरातच डोंगरगाव आहे. तिथे 1980च्या दशकात लांब मानेच्या एका शाकाहारी डायनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी तो खणून काढला. आज त्याचं नाव आयसीसॉरस. संस्थेच्या आद्याक्षरांवरून डायनोसॉरचं बारसं झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. त्याची कवटी मात्र मिळाली नाही. म्हणजे तो काय खात होता, हे दातांवरून ताडायची सोय नव्हती.

तिथे लेंड्या कामी आल्या. भाताच्या खाचरात उतरलेल्याला ठाऊक असतं, पातीने हात कापतो. गवत मुळांवाटे जमिनीतली सिलिका शोषतं आणि पेशींमध्ये काचेसारखे सूक्ष्म कण करून साठवतं. पान कुजतं, कण उरतात, आणि त्यांच्या घडणीवरून झाडाचं कूळ ओळखता येतं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिजदुऱ्याच्या लेंड्या रसायनांत विरघळवून हे कण वेगळे केले. 2005च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष आला: लेंड्यांत ताड होते, सूचिपर्णी होते, आणि किमान पाच प्रकारचं गवतही होतं.

तोवर मानलं जात होतं की डायनोसॉर संपले आणि मग गवत फोफावलं. शाळेच्या तक्त्यांवर डायनोसॉर नेचांमध्ये उभे असतात ते त्यामुळेच. आता चित्र पालटलं. अर्थात गवत हे त्यांचं मुख्य अन्न नव्हतं, लेंड्यांत त्याचा वाटा थोडाच आहे. समोर येईल ते ओरबाडणाऱ्या अवाढव्य जनावराच्या तोंडी तेही गेलं असणार. लेंड्या टाकणारा बहुधा टायटनोसॉर, म्हणजे आयसीसॉरसच्याच गटातला, कारण त्याचीच हाडं त्याच थरात विपुल आहेत. पण लेंडीवर मालकाचं नाव नसतं, म्हणून 'बहुधा'.

भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. इतकं वेगवेगळं गवत त्यावर आधीच रुजलेलं असेल, तर गवताचा जन्म त्याहूनही जुना ठरतो. 2011 मध्ये याच कणांच्या आणखी अभ्यासातून भाताच्या कुळाच्या खुणा पुढे आल्या. चंद्रपूरचे पूर्वेकडचे तालुके आजही धानाचे आहेत.