विश्लेषण : लाखभर किलोमीटर धावलेली ‘परफॉर्मन्स’ कार... घेताना परवडते, सांभाळताना परवडेल का?

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. जुनी वेगवान कार घेणाऱ्यांचे गणित नेमके इथेच चुकते. इंधन, गिअरबॉक्स, टायर, विमा यांचा खरा हिशेब कसा मांडायचा आणि मीटरवरचा आकडा किती मनावर घ्यायचा?

समजा, हातात २० लाख रुपये आहेत. शोरूममध्ये गेल्यास एक चांगली मध्यम आकाराची नवी एसयूव्ही मिळते. त्याच वेळी मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस दिसते. २०१८ चे मॉडेल, १ लाख १० हजार किलोमीटर, ‘सिंगल ओनर, फुल सर्व्हिस हिस्ट्री’. मन एकीकडे ओढते, घरचे दुसरीकडे. अशा वेळी ‘या गाड्या फार खर्चिक’ आणि ‘काही होत नाही, बिनधास्त घे’ असे दोनच सल्ले मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत.

उदाहरण म्हणून हीच गाडी का?

भारतात थोड्या संख्येने विकल्या गेलेल्या, तरीही रोज वापरता येणाऱ्या वेगवान गाड्यांचे हे नेमके उदाहरण आहे. २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत २४ लाख ६२ हजार रुपये होती. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस शक्ती आणि ६-स्पीड डीएसजी गिअरबॉक्स. २०२० मध्ये २४५ पीएसची आवृत्ती ३५ लाख ९९ हजार रुपयांना आली, फक्त २०० गाड्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसची नवी आरएस ४९ लाख ९९ हजारांना आली, त्याही केवळ १००.

साधी ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात होती. २०२० आणि २०२५ च्या आरएस मात्र पूर्ण तयार स्वरूपात आयात झाल्या. हा फरक खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इंजिनाचे बरेचसे भाग याच समूहाच्या इतर दोन लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने फिल्टर, प्लग, कॉइल यांसारख्या वस्तू मिळण्यात फारशी अडचण नसते. पण खास आरएसचा बंपर, दिवा किंवा ब्रेकचा भाग लागला, तर वाट पाहावी लागू शकते आणि बिल नव्या गाडीच्या दर्जाप्रमाणे येते. मालकाने गाडी कितीला घेतली, याच्याशी त्या बिलाचा संबंध नसतो.

एक लाख किलोमीटर म्हणजे गाडी संपली का?

नाही. किलोमीटर हे झिजेचे एक माप आहे, एकमेव नव्हे. इंजिन किती तास चालले, हेही पाहायला हवे.

एक गाडी साताऱ्याहून पुण्याला महामार्गाने ये-जा करते. तिचा सरासरी वेग ताशी ६० किमी धरला, तर १ लाख २० हजार किलोमीटरला इंजिन २,००० तास चालले. दुसरी गाडी फक्त हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत फिरली. तिचा सरासरी वेग ताशी २० किमी धरला, तर अवघ्या ६० हजार किलोमीटरला इंजिन ३,००० तास चालले. शिवाय तिचा क्लच दिवसभर पकड घेत-सोडत राहिला, ब्रेक सतत लागले आणि इंजिनाला थंड हवा कमी मिळाली. मीटरवर निम्मा आकडा असलेली दुसरी गाडी प्रत्यक्षात जास्त थकलेली असू शकते.

म्हणूनच नोंदी असलेली १ लाख २० हजारांची गाडी ही नोंदी नसलेल्या ५० हजारांच्या गाडीपेक्षा अनेकदा सुरक्षित व्यवहार ठरते.

बिघाड नेमके कुठे होतात?

वेगवान गाडीचे इंजिन सहसा एकाएकी ‘बसत’ नाही. त्याच्या आजूबाजूचे भाग आधी दमतात.

• शीतकरण : या कुळातील टर्बो पेट्रोल इंजिनांमध्ये पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचा प्लॅस्टिकचा भाग तापून-गार होऊन कालांतराने गळू लागणे, ही गॅरेजमध्ये परिचित तक्रार आहे. कुलंट थोडे थोडे कमी होत असेल, तर नुसते वरून भरत राहणे महागात पडते. इंजिन एकदा जरी जास्त तापले, तरी हेड गॅस्केटपर्यंत प्रकरण जाऊ शकते.

• गिअरबॉक्स : डीएसजीचे दोन प्रकार आहेत. ‘ओल्या’ प्रकारात क्लच तेलात बुडालेले असतात, ‘कोरड्या’ प्रकारात नसतात. आरएसमध्ये ओला प्रकार आहे आणि जास्त ताकद तोच पेलतो. मात्र ६-स्पीड ओल्या डीएसजीचे तेल आणि फिल्टर साधारण दर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. १ लाख १० हजार चाललेल्या गाडीच्या फाइलमध्ये ही नोंद एकदाही नसेल, तर ‘फुल सर्व्हिस हिस्ट्री’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

• कार्बन : जी इंजिने पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारतात, त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही. त्यामुळे तिथली काजळी धुतली जात नाही. ती साचत गेली की सकाळी थंड इंजिन थरथरते, ओढ कमी होते. इलाज आहे, पण इनटेक मॅनिफोल्ड उतरवून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात.

• टर्बो : टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्यामुळे वेळेवर आणि योग्य ग्रेडचे इंजिन ऑइल हाच टर्बोचा खरा विमा. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करण्यापेक्षा शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवणे केव्हाही चांगले.

• सस्पेन्शन आणि टायर : १७-१८ इंची चाके आणि कमी उंचीचे टायर खड्डा झेलत नाहीत, तो पुढे ढकलतात. मग बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग आणि शॉकअप यांची पाळी येते. पावसाळ्यानंतर आलेला ‘खडखड’ आवाज बहुतेक वेळा इथलाच असतो.

रिमॅप केलेली गाडी घ्यावी का?

टर्बो गाडीच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवता येते. यालाच रिमॅप म्हणतात. त्यातून इंजिनाची ताकद वाढते, पण क्लच, टर्बो आणि कूलिंग तेच राहते. काम नीट केले आणि देखभाल त्या प्रमाणात ठेवली, तर अशा गाड्या चालतातही. खरा धोका लपवलेल्या रिमॅपचा आहे. विक्रीपूर्वी मूळ प्रोग्रॅम परत टाकता येतो, पण झालेली झीज परत घेता येत नाही. शिवाय गाडीत बदल केला आणि विमा कंपनीला कळवले नाही, तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

इंधनाचा खर्च किती?

वर्षाला १२ हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि लिटरला १० किलोमीटरची सरासरी धरू. वर्षाला १,२०० लिटर, म्हणजे १ लाख २४ हजार ८०० रुपये. हीच धाव लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या हॅचबॅकने केली, तर ७८ हजार रुपये. फरक ४६ हजार ८०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला सुमारे ३,९०० रुपये.

यात आता ई-२० पेट्रोलची भर पडली आहे. ई-२० साठी न बनलेल्या गाड्यांमध्ये मायलेज साधारण ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले होते. वरच्या उदाहरणात तो वर्षाला अंदाजे ३,९०० ते ८,००० रुपयांचा जादा खर्च होतो. २०१७-१८ च्या गाडीत रबरी पाइप आणि इंधनाच्या सीलची तपासणी सर्व्हिसच्या यादीत जोडून घेतलेली बरी.

विमा आहे ना, मग काळजी कसली?

इथे सर्वात मोठा गैरसमज असतो. सर्वसाधारण वाहन विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो. गिअरबॉक्स बिघडला, टर्बो गेला, पंप गळला, तर तो ‘मेकॅनिकल ब्रेकडाउन’. त्याचा खर्च मालकाचाच.

अपघातातही जुन्या गाडीला पूर्ण पैसे मिळत नाहीत. ‘झिरो डेप’ जोड नसेल, तर प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. ५ ते १० वर्षे जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, तर १० वर्षांपुढे ५० टक्के. समजा, आठ वर्षांच्या गाडीला ६० हजारांचे प्लॅस्टिकचे आणि ४० हजारांचे धातूचे भाग लागले. एक लाखाच्या बिलात मालकाचा वाटा ३० हजार अधिक १६ हजार, म्हणजे ४६ हजार. १,५०० सीसीवरील गाडीला २,००० रुपयांची सक्तीची वजावट वेगळी. म्हणजे जवळपास निम्मे बिल खिशातून. जुन्या गाडीला झिरो डेप सहज मिळत नाही, म्हणून हा प्रश्न गाडी घेण्याआधीच विचारायला हवा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी शिरले, तर त्यासाठीही ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कलम लागते. थर्ड-पार्टीचा हप्ता मात्र सोपा आहे. जून २०२२ पासूनच्या दरानुसार १,५०० सीसीवरील खासगी कारला वर्षाला ७,८९७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९,३१८ रुपये. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

१. गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जावे. बोनेटला हात लावून पाहावा. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर सुरुवातीची थरथर आणि साखळीचा आवाज लपतो.

२. चासी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागवाव्यात. मालकाला बरोबर घेऊन गेल्यास काम सोपे होते.

३. ओबीडी स्कॅन करून घ्यावे. किलोमीटरचा आकडा किंवा चालल्याचे तास अनेकदा मीटरखेरीज इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेले असतात. दोन आकड्यांत तफावत दिसली, तर तिथेच थांबावे.

४. टायरच्या कडेवरील चार अंक वाचावेत. ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील, तर मालकाने पैसे कुठे वाचवले हे कळते.

५. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. तेल, कुलंट, बुश आणि अपघातानंतरच्या वेल्डिंगच्या खुणा तिथेच दिसतात.

या तपासणीला एक सुटी आणि काही हजार रुपये लागतात. विक्रेता त्याला नकार देत असेल, तर तोच तपासणीचा निकाल समजावा.

मग घ्यावी की नाही?

निर्णयाची एक साधी रीत आहे. प्रत्येक झिजणाऱ्या वस्तूचा आजचा दर दोन ठिकाणी विचारावा आणि तिच्या आयुष्याने भागावे. टायरचा संच ४८ हजारांचा सांगितला आणि तो ४० हजार किलोमीटर चालणार असेल, तर किलोमीटरला १ रुपया २० पैसे. तसेच ब्रेक, गिअरबॉक्सचे तेल, प्लग, सस्पेन्शन यांचे करावे. येणारी बेरीज दर महिन्याला धावेप्रमाणे वेगळ्या खात्यात टाकावी. याशिवाय पंप, टर्बो किंवा गिअरबॉक्स यांपैकी सर्वात महाग दुरुस्तीचे कोटेशन आधीच घ्यावे आणि तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून बाजूला काढावी.

म्हणजे हातात २० लाख असतील, तर २० लाखांची गाडी पाहायचीच नाही. १६-१७ लाखांत बसणारी पाहायची आणि उरलेले पैसे गाडीसाठीच राखून ठेवायचे. त्या रकमेत मनासारखी गाडी येत नसेल, तर थांबायचे किंवा साधी गाडी घ्यायची. घराचा हप्ता, मुलांची फी आणि गाडीचा गिअरबॉक्स हे तिन्ही एकाच पगारावर, एकाच महिन्यात येऊ शकतात. तो महिना निभावता येणार असेल, तर लाखभर किलोमीटरची नीट राखलेली गाडी पुढेही अनेक वर्षे साथ देऊ शकते.