रडारला लाट दिसते, तिची उंची नाही

जहाजाच्या ब्रिजवर रडारच्या पडद्यापाशी ‘सी क्लटर’ कमी करायची सोय असते. समुद्र खवळला की पडद्याच्या मध्याभोवती ठिपक्यांचा गर्दा साचतो, त्यात एखादी मासेमारीची होडी हरवून जाते, म्हणून तो पुसायचा. यातूनच समज रुजतो की लाटा म्हणजे रडारच्या कामातला अडथळा. पण हाच गर्दा न पुसता साठवला, तर त्यातून लाटांची दिशा, लांबी आणि आवर्तकाल काढता येतो.

जहाजावरच्या एक्स-बँड रडारची तरंगलांबी सुमारे 3 सेंटिमीटर. त्याचे संकेत प्रामुख्यानं परततात ते मोठ्या लाटेच्या पाठीवर वाऱ्यानं उठवलेल्या, दीडेक सेंटिमीटरच्या बारीक तरंगांवरून. मोठी लाट या तरंगांना कुठे दाट करते, कुठे विरळ. तिची रडारकडे कललेली बाजू उजळते, शिखरामागचा खळगा सावलीत जातो. पडद्यावरचे पट्टे उमटतात ते असे.

त्यामुळे ‘वारा पडला की मोजणं सोपं’ हा समजही टिकत नाही. वारा सेकंदाला साधारण 3 मीटरच्या खाली आला की बारीक तरंग विरतात. दूरच्या वादळातून आलेल्या लांब लाटा जहाजाला झुलवत असतात आणि पडदा मात्र जवळजवळ कोरा! पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात वाऱ्याची ददात नसते. तिथे मुसळधार सरी चित्र बिघडवतात.

सर्वांत चिवट गैरसमज उंचीचा. पट्टा जितका उजळ तितकी लाट उंच, असं वाटणं साहजिक आहे. पण 20 मीटर उंचीवरच्या अँटेनाचा किरण दोन किलोमीटरवरच्या पाण्याला एका अंशाहूनही कमी कोनात स्पर्श करतो. त्यामुळे उजेड ठरतो तो कल, सावली आणि वारा यांवर. मग लाट ओळखायची कशी? इयान यंग, रोझेनथाल आणि त्सीमर या संशोधकांनी 1985 मध्ये मांडलेली पद्धत मला फार देखणी वाटते. अँटेना दर दोन-अडीच सेकंदांनी एक फेरी पुरी करतो. अशा सलग काही डझन प्रतिमा घेऊन स्थळ आणि काळ यांचं एकत्र गणित मांडायचं. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी आणि आवर्तकाल यांचं नातं गुरुत्वाकर्षणानं बांधलेलं असतं. 10 सेकंदांची लाट सुमारे 156 मीटर लांब असते. या नात्यात बसेल ती लाट, उरलेला गोंगाट. नातं थोडं सरकलेलं दिसलं, तर तो प्रवाहाचा परिणाम. म्हणजे प्रवाहाचा वेगही हाती येतो. या पद्धतीत उंची शेवटी अप्रत्यक्षपणेच ठरते: लाटांचा संकेत गोंगाटाच्या किती पट आहे ते पाहून आणि बोयाच्या नोंदींशी ताडून. पाण्याचा वेग थेट टिपणारे डॉप्लर रडार इथे सरस ठरतात.

लाटा मोजता आल्या की पुढचा प्रश्न जहाजाच्या हेलकाव्यांच्या अंदाजाचा. ‘इन्कॉइस’सारख्या सागरी माहिती देणाऱ्या संस्था लाटांचा अंदाज काही दिवस आधी देतात, मग यात नवं काय? तो अंदाज समुद्राच्या एकूण अवस्थेचा असतो, जहाजावर पुढच्या मिनिटाला आदळणाऱ्या लाटेचा नव्हे. रडार नेमकी तीच लाट येताना पाहतो. मात्र त्याची दृष्टी तीनेक किलोमीटरची. 10 सेकंदांच्या लाटेचं शिखर सेकंदाला 15.6 मीटर धावतं, तरी लाटांचा गट निम्म्या वेगानं सरकतो. म्हणून कागदावर साडेसहा मिनिटं मिळतात. अधिक लांब लाटा भरभर पोहोचतात, शिवाय जहाजही त्यांना सामोरं जात असतं. भरवशाची वेळ उरते दोन-तीन मिनिटांची.

त्यातही लाट कळली म्हणजे हेलकावा कळला, असं नाही. एकाच समुद्रात दोन जहाजं वेगवेगळी डोलतात. डोलण्याचा स्वतःचा आवर्तकाल, भाराची मांडणी, वेग आणि लाटेशी असलेला कोन हे सगळं त्या जहाजाच्या प्रारूपात भरावं लागतं. अमेरिकी नौदलाच्या संशोधन विभागानं यावर पैसा ओतला तो याच दोन-तीन मिनिटांसाठी. भर समुद्रात एका जहाजावरून दुसऱ्यावर वाहनं उतरवताना किंवा हेलिकॉप्टर डेकवर टेकवताना डेक कधी क्षणभर स्थिरावेल, एवढंच आधी कळायला हवं असतं.