दारू सोडविण्याची गोळी आणि घरचीं माणसें

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनांतून फिरावयास निघालें, कीं एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या, आणि मधून मधून मडकीं बांधलेले ताड दिसतात. पहाटे उतरविलेला ताडाचा रस म्हणजे गोड नीरा. उन्हें चढलीं कीं आंबून त्याचीच ताडी होते. शिक्षणाच्या बाबतींत हा गांव भाग्यवान. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं येथेंच ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. पुढें १९४९ सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदाही झाला. तथापि व्यसन ना शाळेनें हटलें, ना कायद्यानें. तें केवळ गरिबाच्या झोपडींत राहतें, ही समजूतही खोटी आहे. आमच्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या घरांत तें दार लावून बसतें, इतकाच काय तो भेद.

अशाच एका निकटच्या घरची ही हकीकत. वृद्ध आई, दोघे भाऊ, सुना, नातवंडें असा भरला संसार. धाकटा आमचा जुना विद्यार्थी. बुद्धीनें तल्लख, स्वभावानें गोड, परंतु दिवेलागण झाली कीं पिण्यावांचून त्यास राहवत नसे. थोरल्या भावानें कोठून तरी गोळ्या मिळविल्या व त्या कुटून त्याच्या नकळत सकाळच्या चहांत घालण्याचें काम वहिनींकडे सोंपविलें. ही युक्ति आम्हांस आधीं सांगण्यांत आली होती व आम्हीं ती निषेधिली नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

त्याच दिवशीं संध्याकाळीं तो प्याला. पंधरावीस मिनिटांत चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडूं लागली, ओकाऱ्या थांबेनात. रात्रींच डहाणूस डॉक्टरांकडे न्यावें लागलें. प्राण वांचले, परंतु खरा प्रकार कळतांच त्यानें घरचा चहा सोडला. महिनाभर तो आईनें दिलेलें पाणीही संशयानें न्याहाळून पिई. त्या माउलीचे डोळे तेव्हां आम्हीं पाहिले आहेत.

त्या गोळीचें नांव डायसल्फिराम. मूळचें हें द्रव्य रबराच्या कारखान्यांतलें. कोपनहेगन येथील हाल्ड व याकोबसेन हे संशोधक तें कृमींवरील औषध म्हणून पारखीत होते. त्यांनीं तें स्वतः घेऊन पाहिलें, आणि पुढें मद्य घेतांच दोघेही हैराण झाले. १९४८ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. दारू पोटांत गेली, कीं यकृत तिच्यापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य बनवितें व मग त्याचें निरुपद्रवी आम्ल करून टाकतें. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवितें. विष रक्तांत सांचतें आणि वर सांगितलेली दशा होते. हृदयविकार असणाऱ्याच्या तें प्राणावरही बेततें. म्हणून शेवटच्या पेल्यानंतर निदान बारा तास लोटल्यावांचून ही गोळी देत नाहींत, आणि ती बंद केल्यावरही दोन आठवडेपर्यंत दारू वर्ज्य असते. आपल्या घरांतून सहज घेतलीं जाणारीं द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखीं औषधेंही त्या काळांत चालत नाहींत, कारण त्यांतही मद्यार्क असतो.

या गोळीनें तहान कमी होत नाहीं. ती केवळ कुंपण घालते. आपल्या वाटेवर कुंपण आहे हें ज्यास ठाऊकच नाहीं, तो त्यावर आपटणारच. रोग्याच्या संमतीवांचून ही गोळी देऊं नये, याचें कारण हेंच. इतर औषधांची रीत निराळी आहे. नालट्रेक्सोननें पिण्यांतील सुख व ओढ कमी होते. अकॅम्प्रोसेट हें दारू सोडलेल्यास सोडलेल्या स्थितींत टिकून राहण्यास साहाय्य करतें. कोणास कोणतें मानवेल, हें यकृत, मूत्रपिंड, हृदय तपासून डॉक्टरांनींच ठरवावयाचें. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्यानें तर एकाएकीं दारू सोडणेंही धोक्याचें असतें. कंप, आंकडी, भ्रम यांचें भय पहिल्या चारपांच दिवसांत फार. तेवढे दिवस वैद्यकीय देखरेख हवी. ब-१ जीवनसत्त्वही देतात.

चरकसंहितेंत मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्या पूर्वजांनीं ज्यास रोग म्हणून ओळखलें, त्यास आपण केवळ कुलकलंक समजून झांकीत बसतों. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनीं काढलेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांनीं व्यसनी माणसाशीं माणुसकीनें बोलतां येतें, हें महाराष्ट्रास दाखविलें.

दीड महिन्यानें आमचा विद्यार्थी आपण होऊन आला. म्हणाला, “मास्तर, गोळी घेईन; पण माझ्या हातानें, सर्वांच्या देखत.” डॉक्टरांनीं तपासण्या करून औषध चालूं केलें. आतां सकाळीं स्नान झालें, कीं तो आईसमोर बसून गोळी घेतो. ती फक्त पाण्याचें भांडें पुढें करते. मध्यें परगांवीं असतां महिनाभर गोळी चुकली व तो पुन्हां प्यालाही. परत आल्यावर तें त्यानें स्वतःच सांगितलें. कोणीं बोल लाविला नाहीं. डॉक्टरांस विचारून उपचार पुन्हां सुरू झाला. चहाही तो आतां वहिनींच्या हातचा घेतो.

‘रोग्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आजही दिसतात. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं तसली पुडी आणून ठेविली असेल, तर ती फेंकून द्यावी आणि ज्याच्यासाठीं आणिली त्यास जवळ बसवून बोलावें. आम्हीं तें वेळीं केलें असतें, तर एका आईचा महिना तसा गेला नसता.