विश्लेषण : संशयी स्वभाव की भ्रमाचा आजार?

शेजारी पाण्यात विष कालवतात, टीव्हीवरील निवेदिका आपल्यालाच खुणावते... पुरावे दाखवूनही न ढळणाऱ्या अशा चुकीच्या समजुतीला मानसोपचारात ‘भ्रम’ म्हणतात. भास वेगळा, त्यात नसलेला आवाज ऐकू येतो, नसलेली वस्तू दिसते.

प्रकार कोणते?

सर्वाधिक आढळतो तो छळाचा भ्रम : कुणीतरी जिवावर उठले आहे, ही खात्री. संदर्भभ्रमात इतरांचे साधे हसणेही आपल्यालाच उद्देशून वाटते. महानतेच्या भ्रमात स्वतःकडे अफाट शक्ती असल्याचा, तर प्रेमभ्रमात प्रसिद्ध व्यक्ती आपल्या प्रेमात असल्याचा विश्वास असतो. शारीरिक भ्रमात त्वचेखाली किडे असल्याची खात्री असते. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ कॅपग्रा यांनी १९२३ मध्ये वर्णन केलेल्या भ्रमात घरचाच माणूस तोतया वाटतो.

धोका कुठे?

जोडीदाराच्या बेइमानीच्या भ्रमात पाळत, मारहाण, प्रसंगी जिवाला धोका. ‘स्वभावच संशयी’ म्हणून घरचे गप्प बसतात किंवा मांत्रिकाकडे जातात आणि उपचार लांबतात.

कुटुंबाने काय करावे?

वाद घालू नये, होकारही भरू नये. ‘तुला भीती वाटते, हे कळतंय’ एवढे म्हणावे. झोप लागत नाही, या तक्रारीवरून डॉक्टरांकडे नेणे अनेकदा सोपे जाते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, स्मृतिभ्रंश, व्यसन यांतही भ्रम होतात. म्हणून नेमके निदान महत्त्वाचे. औषधांनी अनेकांचा भ्रम ओसरतो. मार्गदर्शनासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.